दुसऱ्याची बाजू

धुक्यातून कोणीतरी मराठीत बोलत होतं.

नंदितानं कान टवकारले. तमिळ मार्गळी महिन्यातली गार सकाळ, तंजावरजवळच्या पापनाशमबाहेरचा कालवा, डोक्यावरून घेतलेली शाल, हातात पाण्याच्या नमुन्याची अर्धी भरलेली बाटली... आणि पलीकडच्या काठावरून, समोरचं काही दिसत नसताना, थेट तिच्या घरातली भाषा! तंजावरला राजवाड्यामागच्या गल्लीत ही बोली रोज कानावर पडते, तिथे कोणी मान वळवूनही बघत नाही. पण इथे? भातखाचरं आणि विड्याच्या पानमळ्यांमध्ये?

"अम्मा, सांगिटलों की, येतों मणून! सार तापवून ठेव. नक्को, भात नक्को... अय्यो अम्मा, त्या मुलीची गोष्ट संध्याकाळी बोलूं. ठेवतों."

नंदिताला हसू आलं. हसताना तोल गेला, तोल सावरताना पायातली चप्पल निसटली आणि कालव्याच्या पाण्यावर डौलात तरंगत निघून गेली.

"माझी चप्पल! तिकडे येते आहे, धरा!"

ओरडली तीही मराठीतच. पलीकडे पाण्यात छपछप झाली, आणि थोड्या वेळानं लाकडी साकवावरून एक तरुण आला. वेष्टी गुडघ्यापर्यंत दुमडलेली, केसांवर दंवाचे थेंब, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात निथळती चप्पल.

"चप्पल तुमची?"

"इथे दुसरं कोण दिसतं तुम्हांस?"

"दिसत तर कोणीच नव्हतं. धुकेंच बोलतें आहे, असें वाटलें मला." त्यानं वाकून चप्पल तिच्या पायाजवळ ठेवली, आणि ठेवून झाल्यावरही लगेच उठला नाही. "बाटलींत काय?"

"वरच्या उकड्या तांदळाच्या मिलीचा अपराध," नंदिता ठसक्यात म्हणाली. "आमच्या संस्थेसाठी पाणी तपासतें मी."

त्यानं बाटली उजेडाकडे धरली, एक डोळा मिटून न्याहाळली. "अपराध बरा नितळ आहे हो."

ती पुन्हा हसली. त्यानं नाव सांगितलं, विघ्नेश. काम काय ते मात्र सांगितलं नाही. साकवावरून तो परत गेला, धुक्यात विरघळला, आणि नंदिता बराच वेळ पाणी भरायचंच विसरून बसली. तंजावरच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून ती स्वतःलाच दटावत होती – 'ती मुलगी' कोण असेल, ह्याच्याशी तुला काय करायचंय ग बाई?

दुसऱ्याच दिवशी दुपारी तिला कळलं, की मिल त्याचीच आहे.

कळलं ते धनलक्ष्मी अम्मांच्या शेडमध्ये, मिलीकडून वडलांच्या जागी विघ्नेश येऊन बसला तेव्हा. धनलक्ष्मी अम्मा म्हणजे पानमळेवाल्या बायकांच्या सोसायटीच्या अध्यक्षा. कपाळावर मोठं कुंकू, तोंडात सदा विडा, आणि नजर अशी की समोरच्यानं आपोआप पदर नीट करावा. कालवा सगळ्यांचा, म्हणून सगळ्यांनी मिळून राखायचा, अशी कल्पना निघाली होती. नंदिताची संस्था, पानमळ्यांची सोसायटी, राइस मिल आणि कॉलेजची प्रयोगशाळा असे चार जण एका सतरंजीवर आले होते. नाव ठेवलं, कालवा संगम. पण पहिल्या दोन बैठकांत संगम कसला, नुसता कल्ला झाला. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! बायका म्हणत, मिलीच्या घाण पाण्यानं पानं नासतात. मिलवाले म्हणत, मळ्यांतल्या औषधांनी मासे मरतात. प्रयोगशाळा आकडे वाचून दाखवी, ते कोणी ऐकत नसे. आणि नंदिताची संस्था सगळ्यांना शहाणपण शिकवी, ते तर मुळीच कोणी ऐकत नसे.

त्या दुपारी प्रयोगशाळेचे भरद्वाज सर चष्मा पुसत म्हणाले, "आजपासून एक नियम. इथे कोणी आपली बाजू मांडायची नाही. दुसऱ्याची मांडायची. ती मांडता यावी म्हणून आठवडाभर त्याच्या जागी जाऊन काम करायचं. चिठ्ठ्या टाकू."

चिठ्ठ्या पडल्या. अम्मांच्या वाट्याला प्रयोगशाळा आली, सरांच्या वाट्याला पानमळे. विघ्नेशला नंदिताची संस्था, आणि नंदिताला... मिल.

"अपराध्याच्या घरीं यावें लागणार आतां," सतरंजीच्या पलीकडून विघ्नेश मराठीत पुटपुटला.

"आधींच सांगायचें नव्हतें, मिल तुमची मणून?" तिनं समोर बघतच विचारलं.

"सांगिटलों असतों तर चप्पल हातांत घेऊन मारली असती तुम्ही."

नंदितानं ओठ चावून हसू दाबलं. बाकी सगळी बैठक तमिळमध्ये चालली होती. ह्या दोघांची बोली समजणारं इथे कोण होतं? तेव्हापासून दर बैठकीत हाच खेळ सुरू झाला. मांजर डोळे मिटून दूध पितं, आणि त्याला वाटतं जगाला काही दिसत नाही – त्यातलीच गत.

विघ्नेशचा आठवडा आधी आला. रोज पहाटे बाटल्यांची पेटी खांद्यावर घेऊन तो कालव्याच्या काठानं तिच्या मागे चाले. दारादारांत कोलमच्या रांगोळ्या घातलेल्या असत. त्या न तुडवता जाताना तो असा काही उड्या मारी, की अंगण सारवणाऱ्या बायका तोंडाला पदर लावत.

"रोज हेंच करतां तुम्ही? चालायचें, भरायचें, लिहायचें?"

"हो. कंटाळलांत?"

"नाही..." तो थांबला. पेटी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "मला वाटत होतें, तुमची संस्था मणजे पंख्याखाली बसून बोट दाखवणारीं माणसें."

ती पुढे चालत राहिली. काठाच्या ओल्या गवतात दोघांची पावलं उमटत होती, तिची पुढे, त्याची मागे. कधी ती एका रेषेत आली आणि कधी 'तुम्ही'चं 'तूं' झालं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

त्याच आठवड्यात नंदिताला तिची सगळ्यांत मोठी कल्पना सुचली. मिलीत भाताचं तूस जाळून बॉयलर चालतो, राखेचे ढीग पडतात. ती राख पानमळ्यांना खत म्हणून का द्यायची नाही? एकाचा कचरा ते दुसऱ्याचं सोनं! बैठकीत टाळ्या पडल्या. विघ्नेशनं राखेच्या गाड्या फुकट पाठवल्या. नंदिताच्या संस्थेनं चेन्नईहून कौतुक कळवलं. बायकांनी वेलांच्या बुडाशी राख पसरली. पोंगलचा ऊस सगळ्यांनी एकत्र बसून खाल्ला, आणि धनलक्ष्मी अम्मांनी स्वतःच्या हातानं नंदिताला विडा लावून दिला.

पोंगल झाला, आणि नंदिता मिलीत गेली.

अहाहा! कोणी म्हणेल, गिरणीत कसलं आलंय काव्य? पण पहाटेच्या त्या मिलीत एकदा उभं राहून बघावं. उकडलेल्या भाताचा गोडसर वास, हौदांवरून उठणारी वाफ, वाफेत मिसळलेलं बाहेरचं धुकं. माणसं ढगातून यावीत तशी त्यातून येतात. नंदिता पहिल्या दिवशी खोकली, दुसऱ्या दिवशी सरावली, आणि तिसऱ्या दिवशी तिला घरी गेल्यावर केसांना येणारा तो वास धुऊन टाकवेना.

तिनं डोळ्यांनी पाहिलं. पूर्वी भात गार पाण्यात दोन-तीन दिवस भिजवत, ते पाणी आंबून कालव्यात जाई. आता विघ्नेशनं वडलांशी भांडून गरम पाण्याचे हौद केले होते. भात काही तासांतच भिजे, आणि उरलेलं पाणी मागच्या तळ्यात निवळून मगच सुटे.

"हें बैठकींत सांगिटलें कां नाहीस?"

"आपली बाजू मांडायची नाही, नियम आहे ना?" त्यानं कॉफीचा पेला तिच्या पुढे केला. "आतां तूं मांड."

एका दुपारी ध्यानीमनी नसताना पाऊस आला. खळ्यावर उकडलेला भात वाळत पडला होता. सगळी मिल धावली. कोणी फळ्यांनी ढीग ओढतंय, कोणी ताडपत्री आणतंय, आणि त्यात नंदिताही ओढणी कमरेला खोचून! शेवटच्या ताडपत्रीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं विघ्नेशच्या. वारा ती फुगवत होता. टोक धरून ठेवायला दोघं जवळ सरकली, आणखी जवळ... शेवटी ढिगाच्या आडोशाला एकाच ताडपत्रीखाली, खांद्याला खांदा लावून बसली. वर पावसाचा ताशा. तिच्या गालावर भाताचं एक तूस चिकटलं होतं. त्यानं हात वर केला – आणि तसाच अर्ध्यावर थांबवला.

"काढूं?"

"...काढ."

त्यानं काढलं. इतक्या हळू, की तूस काढायला एवढा वेळ लागतो हे नंदिताला पहिल्यांदा कळलं.

"ती मुलगी कोण?" तिनं एकदम विचारलं.

"कुठली?"

"तुझ्या अम्मा संध्याकाळीं जिची गोष्ट बोलणार होत्या."

"ती होय?" तो गडगडाटी हसला. "कुंभकोणमची. तिनें मला बघितलें आणि नक्को म्हणाली. वाफेचा वास येतो मणून."

"वेडी आहे," नंदिता म्हणून गेली, आणि मग कानापर्यंत लाल झाली.

प्रेमात पडली होती ती. आडवळणानं कशाला सांगायचं? चांगली आकंठ पडली होती. पण बोलायचं कसं? ती संस्थेची, तो मिलीचा. उद्या पाण्याचे आकडे चांगले आले, तरी लोक म्हणतील, पोरीचं मन गुंतलं म्हणून आकडेही गोड झाले. म्हणून ती गप्प राहिली. तोही गप्प राहिला.

आणि मग पानं पिवळी पडू लागली.

मासी महिना लागला आणि मळ्यामळ्यांतून हाकाटी उठली. वेलाची कोवळी पानं हळदीत बुडवल्यासारखी. बाजारात कोणी हात लावेना. सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, मिलीचं पाणी! धनलक्ष्मी अम्मांनी बैठक बोलावली. मिलीला संगमातून काढायचं आणि वर तक्रार करायची, एवढाच विषय होता. तिकडे विघ्नेशच्या वडलांनीही सांगून टाकलं, चोर ठरायचंच असेल तर गरम हौद आणि तळं हवंत कशाला, जुनी रीत काय वाईट होती?

नंदितानं पाणी पुन्हा तपासलं. पाणी चांगलं होतं. मग ती शेषम्मांच्या मळ्यात गेली. तो मळा विहिरीवर, कालव्याचा थेंब तिथे येत नाही. तिथलीही पानं पिवळी! डोकं भणभणत ती मिलीत आली आणि बॉयलरमागे, राखेच्या ढिगांकडे जाऊन उभी राहिली. मागल्या वर्षीच्या जुन्या ढिगावर भोपळ्याचा वेल हिरवागार माजला होता. आणि परवाच्या ताज्या ढिगाभोवतीचं गवत... पिवळं. हळदीसारखं पिवळं.

तिच्या पायाखालची वाळू सरकली.

"राख ताजी टाकली त्यांनी?" मागे विघ्नेश उभा होता. त्याचाही चेहरा उतरला होता. "आमच्याकडे कोणी ताजी टाकत नाही. एक पावसाळा खाऊं देतात, शेण मिसळतात, मग... मला वाटलें, हें सगळ्यांस ठाऊकच असतें."

"मला वाटलें, राख मणजे राख."

चूक अशी, की अर्धी त्याच्याजवळ होती आणि अर्धी तिच्याजवळ, आणि मध्ये नुसती टाळ्या वाजवणारी बैठक.

"उद्यां बैठकींत तुझ्या संस्थेची बाजू मीच मांडणार," तो हलक्या आवाजात म्हणाला. "पाण्याचा दोष मणून सांगतों. मिलीला शिव्यांची सवय आहे, नंदिता. राखेचें कळलें तर तुला इथून उचलून चेन्नईला बसवतील. आणि चेन्नई..." तो अडखळला. "चेन्नई फार दूर आहे."

एवढंच बोलला. पण त्या रात्री नंदिताला डोळा लागला नाही. तो जवळ हवा असेल तर गप्प बसायचं, आणि गप्प बसलं तर तोच चोर ठरायचा. बोललं तर सगळ्यांसमोर आपली मान खाली, आणि वर लोक म्हणणार, बघा, यारासाठी बोलली.

दुसऱ्या दिवशी शेड गच्च भरली होती. पिवळ्या पानांच्या टोपल्या मधोमध ठेवलेल्या. विघ्नेश उठला. तो संस्थेच्या वतीनं बोलत होता, शांतपणे, तमिळमध्ये. "संस्थेनं पाणी तपासलं. दोष मिलीच्या पाण्याचा आहे. राख वगैरे गोष्टींचा काही संबंध नाही." बोलताना त्यानं एकदाही नंदिताकडे बघितलं नाही.

"मिलीची बाजू?" भरद्वाज सरांनी विचारलं.

नंदिता उठली.

"आधी संस्थेचं सांगते. त्यांनी आत्ता जे सांगितलं ते खोटं आहे. ती आमची बाजू नाही." शेडमध्ये कुजबूज झाली. ती थांबली नाही. "पाणी चांगलं आहे. शेषम्मांच्या मळ्यात कालव्याचं पाणी जात नाही, तरी पानं पिवळी आहेत. पानं राखेनं पिवळी पडली. ताजी राख वेलाला सोसत नाही. आम्ही विचारलं नाही, मिलीनं सांगितलं नाही. पण टाका म्हणून सांगणारी मी होते. बॉयलरमागे या, गवत बघा. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

धनलक्ष्मी अम्मांनी विडा गालात एका बाजूला सारला, नंदिताला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि राजवाड्यामागच्या गल्लीतल्या स्वच्छ मराठीत विचारलं –

"हें सगळें याच्या प्रेमापायीं बोलतेस कीं काय, पोरी?"

नंदिताच्या अंगावर कोणी कालवाच ओतला! विघ्नेशनं डोळे गच्च मिटले.

"अम्मा... तुम्हांस मराठी..."

"तुमच्याच गल्लींत वाढलें. शेजारच्या वेंकूबाईच्या ओसरीवर खेळून मोठी झालें." अम्मांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "चपलेपासून सगळें ऐकिलें आहे. तें राहूं दे. विचारिलें त्याचें उत्तर दे."

झालं! दोन महिन्यांचं सगळं बोलणं नंदिताच्या डोळ्यांपुढून सरकून गेलं. आता नाही म्हणायची सोय नव्हती. आणि खरं सांगायचं तर, नाही म्हणावंसंही तिला वाटलं नाही. तिनं श्वास घेतला आणि उत्तर दिलं ते मराठीत नाही. तमिळमध्ये दिलं, शेडच्या शेवटच्या कोपऱ्यातल्या बाईलाही समजेल एवढ्या मोठ्या आवाजात.

"अम्मांनी विचारलं, की ह्याच्यावर प्रेम आहे म्हणून बोलते आहेस का. प्रेम आहे. खूप आहे. पण बोलले ते त्यासाठी नाही. ह्याचं-माझं काही नसतं तरी राख तीच होती आणि गवत तेच. विश्वास नसेल तर मिलीला काढा, मलाही काढा. पण आधी जाऊन बघून या."

विघ्नेशनं डोळे उघडले होते. तो तिच्याकडे असा बघत होता, जणू इतक्या दिवसांत आज पहिल्यांदाच धुकं विरलं होतं.

अम्मा उठल्या. चार बायकांना घेऊन सरळ मिलीकडे चालत गेल्या. त्या परत येईपर्यंत नंदिता जमिनीकडे बघत बसली, विघ्नेश तिच्याकडे.

अम्मा आल्या त्या मूठभर पिवळं गवत घेऊन. ते त्यांनी पानांच्या टोपलीशेजारी ठेवलं. सगळ्यांनी बघितलं. मग त्या सावकाश बसल्या.

"मिल संगमात राहील," त्या म्हणाल्या. "राख आजपासून आधी माझ्या अंगणात येईल. आम्ही म्हणू तेव्हाच वेलाला जाईल. आणि ह्या राखेपायी संस्था ह्या पोरीला चेन्नईला बोलावेल. कोण पाठवतो बघते! आमच्या मळ्यांतली राख मग उपसायची कोणी? संस्थेला मी कळवते, पानं हिरवी होईपर्यंत हिला सोडणार नाही."

नंदिताला रडू आवरेना. एका बाईनं तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

भरद्वाज सर इतका वेळ भराभर इतिवृत्त लिहीत होते. त्यांनी चष्मा नाकावर वर ढकलला. "एक शंका आहे. हे... मधलं... तेही इतिवृत्तात घ्यायचं का?"

"घ्या की," अम्मा म्हणाल्या. "आधी राखेचं लिहा, मग ह्यांचं."

"पण नुसतं एकीनं मांडून चालत नाही," सर गंभीरपणे म्हणाले. "अनुमोदक लागतो."

सगळ्या माना एकाच बाजूला वळल्या. विघ्नेश कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता. घसा खाकरून काही बोलायला गेला, तर ना तमिळ सुचली, ना मराठी. तेव्हा त्यानं शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. सरांनी शांतपणे नाव लिहून घेतलं, खाली रेघ मारली, बैठक संपल्याचं सांगितलं. बायका हसत हसत टोपल्या उचलून निघाल्या... तरी त्याचा हात वरच होता. शेवटी नंदितानंच पुढे होऊन तो धरला आणि खाली आणला.